इंदूरहून एका दिवसात मांडवगड: गाइडसह सहल कशी आखावी

पुण्या-मुंबईचे पाहुणे इंदूरला आले की पहिल्या दिवशी राजवाडा आणि सराफा होतो, दुसऱ्या दिवशी लालबाग होते आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी मांडवगडाचा विषय काढतो. हिंदीत ज्याला मांडू म्हणतात आणि माळव्यातली जुनी माणसे ज्याला नुसते मांडव म्हणतात, ते हे विंध्याच्या कडेवरचे गाव धार जिल्ह्यात आहे. इंदूरपासून ते शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर आहे. सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येईल, इतके ते जवळ आहे. तरीही तेथून परतलेल्या अनेकांच्या तोंडी "पडक्या भिंतीच फार आहेत हो" एवढेच ऐकू येते आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. आमच्या मंडळाच्या मांडवच्या सहली गेली काही वर्षे मीच आखत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते, की मांडवला दिवस फुकट जातो तो बहुधा दोन कारणांनी: एका दिवसात फार ठिकाणे कोंबल्यामुळे आणि गाइड शेवटच्या क्षणी, तिकीटखिडकीपाशी जो समोर येईल तो घेतल्यामुळे. म्हणून सहल ठरवताना आधी गाइड, मग पाहण्याच्या ठिकाणांचा क्रम आणि सगळ्यात शेवटी वाहन, अशा क्रमाने विचार करावा.

एका दिवसात मांडव, आणि फक्त मांडव

इंदुरात अनेक सहल कंपन्या मांडव आणि महेश्वर एकाच दिवसात दाखवतात. कागदावर हे सोयीचे दिसते, कारण मांडवहून घाट उतरून निमाडात गेले की महेश्वर फार लांब राहत नाही. पहिल्या वर्षी आम्हीही अशाच एका सहलीचे पैसे भरले होते. बरोबरच्या गाइडने जहाज महाल वीस मिनिटांत उरकला, रूपमतीच्या मंडपाकडे गाडीतूनच बोट दाखवले आणि अहिल्याबाईंच्या घाटावर आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडून नर्मदा दिसेनाशी झाली होती. त्यामुळे कोणीही कितीही आग्रह केला तरी महेश्वरसाठी वेगळा दिवस ठेवावा. धारमध्ये थांबण्याचा मोहही जाताना आवरावा. द्वितीय बाजीरावाचा जन्म १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात झाला, हे कळल्यावर मराठी मंडळींना तेथे उतरावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सकाळचा तासभर धारला दिला तर त्याची भरपाई दुपारच्या उन्हात करावी लागते.

तयार सहल घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. गाइड इंदूरहून बरोबर येणार आहे की मांडवचा स्थानिक आहे, तो दिवसभर सोबत राहणार की केवळ जहाज महालापुरता, प्रवेशाची तिकिटे दरात धरली आहेत का, आणि गडावरच्या मुक्कामी किती तास मिळणार. मांडवच्या वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असून जहाज महालाचे राजवाडा संकुल, होशंगशाहच्या मकबऱ्याचा गावातला समूह आणि रेवा कुंडाकडचा रूपमतीचा समूह अशा तीन ठिकाणी वेगवेगळे तिकीट काढावे लागते. "प्रवेशशुल्क समाविष्ट" असे म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या हिशेबात त्यातले एकच तिकीट असते. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. गडावरचे प्रत्यक्ष तास सहापेक्षा कमी निघत असतील तर ती सहल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऋतू आणि वार

मांडवचे खरे दिवस जुलैअखेर ते सप्टेंबर. तेव्हा तलाव भरलेले असतात, जहाज महाल दोन्ही बाजूंनी पाण्यात उभा दिसतो आणि काकडा खोहच्या दरीत धबधबे कोसळतात. मात्र याच दिवसांत रविवारी आणि पंधरा ऑगस्टच्या आसपास अर्धे इंदूर तेथे लोटते, आणि जुन्या दरवाज्यांतून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर गाड्या तासन्‌तास खोळंबतात. नोकरदारांना जमत असेल तर एक दिवस रजा टाकून मंगळवार-बुधवार धरावा. ज्यांना पावसाचे निसरडे दगड आणि दाट धुके नको आहे, त्यांच्यासाठी दिवाळीनंतरचा काळ ते फेब्रुवारी उत्तम. तलावांचे पाणी तेव्हा उतरलेले असते, पण दिवसभर पायी फिरता येते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मांडवची सीताफळे रस्त्याच्या कडेला टोपल्यांतून मिळतात. एप्रिल-मेमध्ये ज्येष्ठांना घेऊन जाऊच नये.

गाइड कसा निवडावा

मांडवचे परवानाधारक गाइड जहाज महालाच्या तिकीटखिडकीजवळ भेटतात. छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहूनच बोलणे सुरू करावे. आठवड्याच्या मधल्या वारी तेथे पोहोचून गाइड मिळू शकतो. सुट्टीच्या दिवशी मात्र आदल्या आठवड्यात फोनवर ठरवून ठेवावे. गावातल्या मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाच्या निवासस्थानी किंवा एखाद्या हॉटेलात फोन करून विचारले, तर ते नावे सुचवतात. बोलणे हिंदीतून होते. इंदूरकरांना त्याची अडचण नसते, पण पाहुण्यांमधल्या एखाद्या आजींना हिंदी नीट कळत नसेल तर आपल्यापैकी एकाने त्यांच्या शेजारी चालत थोडक्यात मराठीतून सांगत राहावे. हे काम आधीच कोणावर तरी सोपवलेले बरे. एका गाइडमागे पंधरा माणसांपेक्षा जास्त असू नयेत. कमानींखाली आवाज घुमतो आणि मागच्यांना काही कळत नाही, मग ते फोटो काढत मागे रेंगाळतात आणि पुढच्यांचाही वेळ जातो.

फोनवर दर विचारताना "पूर्ण दिवस, तिन्ही समूह, इतकी माणसे" असे स्पष्ट बोलून रक्कम ठरवावी. त्याच बोलण्यात मी दोन प्रश्न नेहमी विचारते. पहिला: जहाज महालाच्या वरच्या हौदात पाणी कसे पोहोचत असे? दुसरा: मांडवचा शेवटचा सुलतान बाजबहादूर याच्या नावाचा महाल त्यानेच बांधला का? पहिल्या प्रश्नावर जो रहाट, उंचावरचे पन्हाळ आणि गाळ बसवणारी वळणदार वाहिनी यांबद्दल बोलू लागतो, आणि दुसऱ्यावर "नाही, तो त्याच्या आधीचा आहे" असे सांगतो, तो गाइड डोळे मिटून घ्यावा. ज्याच्या दोन्ही उत्तरांत बाजबहादूर आणि त्याची प्रिया रूपमती यांची प्रेमकथाच सुरू होते, त्याचे आभार मानून दुसरा नंबर फिरवावा. प्रेमकथेला माझा विरोध नाही. परंतु बाजबहादूर गादीवर आला १५५५ मध्ये आणि अकबराच्या सेनापती आदम खानाने त्याला हरवले १५६१ मध्ये. म्हणजे सहा-सात वर्षांच्या त्या कथेसाठी दीडशे वर्षांची सुलतानी राजधानी आणि तिच्याही आधीचा परमारांचा गड झाकून टाकणे योग्य नाही.

गाइडला आपल्या मंडळींविषयीही आधीच सांगून ठेवावे: ज्येष्ठ किती, लहान मुले किती, गुडघ्यांचा त्रास कोणाला, आणि कशात विशेष रस आहे. चांगला गाइड त्याप्रमाणे वाटा बदलतो. आमच्याबरोबर एकदा एक निवृत्त स्थापत्य अभियंता काका होते. त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देताना गाइड इतका रमला, की आम्हाला एरवी कधी न दाखवलेल्या मोऱ्या, झडपांच्या जागा आणि भिंतींतल्या मातीच्या नळ्या त्याने शोधून शोधून दाखवल्या.

वाहन, नाश्ता आणि रस्ता

चार-पाच जणांसाठी मोठी मोटार आणि बारा ते पंधरा जणांसाठी ट्रॅव्हलर पुरते. पन्नास आसनांची बस गडावर अडचणीची ठरते. येऊन-जाऊन दोनशे किलोमीटर आणि गडावरचे फिरणे पंधरा-वीस किलोमीटर असा हिशेब धरून, टोल, पार्किंग आणि चालकाचे जेवण दरात आहे की वेगळे, हे ठरवून घ्यावे. ज्यांना स्वतःचे वाहन नको आहे ते गंगवाल बस स्थानकावरून धारची बस धरून तेथून मांडवला जाऊ शकतात. परंतु गडावर गाव ते रेवा कुंड हेच अंतर पाच-सहा किलोमीटर असल्याने तेथे पुन्हा रिक्षा करावी लागते आणि एका दिवसाच्या सहलीत हा खटाटोप वेळ खातो.

सगळ्यांनी एकत्र जमण्याचे ठिकाण शहराच्या पश्चिमेला ठेवावे. टिळकनगर, सुदामानगर, रामबाग अशा चारी दिशांच्या घरांतून एकेकाला उचलत गाडी फिरवली तर तास तेथेच जातो. गंगवालजवळ सहा वाजता जमून सव्वासहाला निघावे. पोहे-जिलबी खाल्ल्याशिवाय इंदूरकराचे पाऊल शहराबाहेर पडत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून पोहे, शेव आणि जिरावण मसाला डब्यांत बांधून घ्यावे आणि बेटमा-घाटाबिल्लोद मागे टाकल्यावर चहाला थांबून तेथे खावे. धारहून मांडव पस्तीस किलोमीटर आहे. नालछा गाव ओलांडल्यावर माळव्याचे सपाट काळे रान हळूहळू तुटू लागते आणि अचानक उजव्या-डाव्या हाताला दरी उघडते. हीच काकडा खोह. मांडवचे पठार याच दरीमुळे माळव्यापासून वेगळे पडले आहे. सुमारे सदतीस किलोमीटर लांबीचा तट आणि बारा दरवाजे ही माणसांनी केलेली तटबंदी झाली. खरा खंदक निसर्गाने खणलेला आहे. येथे पाच मिनिटे थांबून गाइडशी फोनवर बोलावे आणि मंडळींना दरी दाखवावी, म्हणजे पुढे आलमगीर दरवाज्यातून गाडी वर चढताना राजधानीसाठी हीच जागा का निवडली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

गडावरचा क्रम

नेहमीच्या दिवशी नऊच्या सुमारास राजवाडा संकुलापासून सुरुवात करावी, दुपारी गावातला समूह पाहावा आणि तिसऱ्या प्रहरी रेवा कुंडाकडे जावे. सुट्टीच्या दिवशी हाच क्रम उलटा करावा, कारण गर्दी नेहमी जहाज महालापासून सुरू होते आणि सकाळी नऊला रूपमतीच्या मंडपात जवळजवळ आपणच असतो. पावसाळ्यात मात्र गाइडचे ऐकावे. रूपमतीवर ढग बसले असतील तर वर जाऊन पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही, आणि ढग कधी उठतील याचा अंदाज तेथे रोज वावरणाऱ्यालाच येतो.

फिरण्यापूर्वी गाडीतच पाच मिनिटांत राजांचा क्रम सांगून घ्यावा, नाहीतर नावांचा गोंधळ दिवसभर पुरतो. दिल्लीची सत्ता तैमूरच्या स्वारीने खिळखिळी झाल्यावर माळव्याचा सुभेदार दिलावर खान घोरी याने १४०१ मध्ये स्वतंत्र कारभार सुरू केला. त्याचा मुलगा होशंगशाह याने राजधानी धारहून मांडवला आणली. १४३६ मध्ये महमूद खिलजीने गादी घेतली आणि तेहतीस वर्षे राज्य केले. त्याच्यामागून १४६९ मध्ये गियासुद्दीन आला आणि त्याच्यानंतर नासिरुद्दीन. १५३१ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहने मांडव जिंकले, आणि शेवटी आला बाजबहादूर. मांडवचे नाव त्या सुलतानांनी शादियाबाद, म्हणजे आनंदाचे शहर, असे ठेवले होते. अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडे आला, मांडव धारच्या पवारांच्या राज्यात गेले, आणि पवारांची गादी धारला असल्यामुळे गडावर हळूहळू रान वाढले.

राजवाडा संकुलाला अडीच तास द्यावेत. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत सुमारे एकशे वीस मीटर लांबीचा जहाज महाल उभा आहे. तो गियासुद्दीनच्या काळातला मानला जातो. येथे गाइड पंधरा हजार स्त्रियांच्या जनानखान्याची गोष्ट सांगेल. ती जुन्या बखरकारांच्या लेखणीतून आलेली आहे आणि आकडा ऐकून सोडून द्यावा. त्याऐवजी त्याला वरच्या गच्चीवर न्यायला सांगावे. तेथे एक लहान हौद आहे आणि त्याकडे येणारी दगडी वाहिनी सरळ न येता वेटोळे घेत येते. पाण्याचा वेग कमी व्हावा आणि गाळ वाटेतच बसावा, म्हणून हे वेटोळे. मांडवच्या पठारावर बारमाही नदी नाही. जे काही पाणी आहे ते पावसाचे साठवलेले. म्हणूनच येथल्या प्रत्येक वास्तूत पाणी कोठून येते आणि कोठे जाते हा प्रश्न विचारत फिरावे. एवढी एक सवय लावली की मुलेही कंटाळत नाहीत, उलट मोऱ्या शोधत पुढे पळतात. याच गियासुद्दीनसाठी पाककृतींचे एक सचित्र हस्तलिखित तयार झाले होते. ते आज लंडनला आहे आणि त्यात समोशाच्या अनेक कृती आहेत, हे आमच्या मंडळातल्या भगिनींना जहाज महालापेक्षाही अधिक आवडले होते.

जहाज महालाला लागूनच हिंदोळा महाल आहे. त्याच्या बाहेरच्या भिंती सुमारे सत्याहत्तर अंशांत कललेल्या असल्याने तो झुलतो आहे असे वाटते. आतली सभागृहाची कमानींची रांग शांतपणे उभे राहून पाहावी. तेथून चंपा बावडीकडे जावे. विहिरीच्या पाण्याभोवती जमिनीखाली दालने काढली आहेत आणि उन्हाळ्यात राजघराण्यातली माणसे तेथे थंडाव्याला बसत. खाली अंधार असतो, पायऱ्या झिजलेल्या असतात, म्हणून मोबाइलच्या उजेडावर विसंबून न राहता हातात एक चांगली विजेरी असावी आणि ज्येष्ठांनी वरूनच पाहावे. शेजारचे हमामखाना, म्हणजे स्नानगृह, पाहायला चुकवू नये. छताला तारकांच्या आकाराची छिद्रे आहेत आणि गार व ऊन पाण्याच्या वाहिन्या अजून ओळखू येतात. दिलावर खानाची १४०५ची मशीद, गदाशाहचे घर, नाहर झरोखा हे सगळे याच आवारात आहे. वेळ कमी पडत असेल तर हे चालता चालता पाहिले तरी चालेल.

गावातल्या समूहात तीन वास्तू समोरासमोर आहेत आणि त्यांना दीड तास पुरतो. जामी मशीद होशंगशाहने सुरू केली आणि महमूद खिलजीने १४५४ मध्ये पुरी केली. दर्शनी पायऱ्या उंच आहेत, पण एकदा आत गेले की प्रशस्त चौक आणि लाल दगडाच्या कमानींची ओळ असे दृश्य आहे, की बोलणारी मंडळीही गप्प होतात. मशिदीमागे होशंगशाहचा संगमरवरी मकबरा आहे, भारतातल्या पहिल्या संगमरवरी मकबऱ्यांपैकी एक. येथे जवळजवळ प्रत्येक गाइड सांगतो, की ताजमहाल यावरून बांधला. दाराच्या चौकटीवरचा लेख त्याला दाखवायला सांगावा. शाहजहानच्या कारागिरांपैकी चौघे, त्यात उस्ताद हामिद हेही, १६५९ मध्ये येथे येऊन गेल्याची ती नोंद आहे. ताज तोवर बांधून झाला होता आणि शाहजहान स्वतः आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होता. म्हणजे तो लेख नकलेचा पुरावा होत नाही. थोर कारागिरांनी आपल्याआधीच्या थोर कारागिरांना दिलेली ती मानवंदना आहे. मला ती ताजच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते.

मशिदीसमोरच्या अशर्फी महालात आता फारसे काही उभे नाही आणि म्हणून बहुतेक लोक तो सोडतात. मी तो सोडू नये असे सांगेन. होशंगशाहच्या काळातल्या मदरशावर महमूद खिलजीने आपला मकबरा उभारला आणि एका कोपऱ्यात मेवाडच्या राणा कुंभाविरुद्धच्या विजयाची खूण म्हणून सात मजली मनोरा बांधला. आज त्याचा केवळ पाया उरला आहे. त्याच महमूदवरच्या विजयाचे स्मारक म्हणून राणा कुंभाने चित्तोडला उभारलेला विजयस्तंभ मात्र अजून दिमाखात आहे. दोन्ही राजांनी आपापल्या राजधानीत विजयाचे मनोरे उभारले होते. चित्तोड पाहून आलेल्या मंडळींना येथे उभे करून ही गोष्ट जरूर सांगावी.

जेवणानंतर रेवा कुंडाकडे निघावे. वाटेत जाड बुंध्याची, पाने गळली की मुळे वर करून उभी असल्यासारखी दिसणारी झाडे लागतात, ती गोरखचिंच. मूळची आफ्रिकेतली ही झाडे येथे इतकी रुजली आहेत, की इकडे लोक फळाला मांडवची इमली किंवा खुरासानी इमली म्हणतात. गडावरच्या भिल्ल बायका ती फळे आणि त्यांचा आंबट पांढरा गर विकतात, त्यांच्याकडूनच घ्यावा. वाटेतच एका वळणावर गाडी थांबवून हाक मारली तर दाईच्या महालाकडून प्रतिध्वनी परत येतो, आणि मुलांना तेथून हलवणे कठीण जाते.

रेवा कुंड मराठी माणसाने घाईत पाहू नये. या कुंडात नर्मदेचे पाणी येते अशी श्रद्धा आहे आणि उत्तर तटावरून चालणारे परिक्रमावासी नर्मदेपासून इतक्या उंचीवर मुद्दाम चढून येथे येतात. आपल्याकडच्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी परिक्रमा केलेली असते, आणि मांडवचे नाव त्यांच्याकडून आधीच ऐकलेले असते. परिक्रमावासी ज्या चतुर्भुज रामाच्या मंदिरात उतरतात ते गावातच आहे. चार हातांच्या रामाचे दर्शन घ्यायचे असेल तर ते दुपारच्या जेवणाआधी, मंदिर उघडे आहे याची चौकशी करून घ्यावे.

कुंडाशेजारचा महाल बाजबहादूरच्या नावाने ओळखला जातो, परंतु त्यावरच्या लेखाप्रमाणे तो नासिरुद्दीन खिलजीच्या काळात १५०८-०९ मध्ये बांधलेला आहे. बाजबहादूर संगीताचा मोठा जाणकार होता, एवढे मात्र खरे. एखादी गाणारी मुलगी बरोबर असेल तर तिला तेथल्या दालनात दोन ओळी म्हणायला सांगाव्या. गाइडच्या वर्णनापेक्षा त्या दगडांचा नाद ते अधिक सांगेल. तेथून वर रूपमतीचा मंडप. मूळची ही टेहळणीची चौकी, निमाडातून येणारे सैन्य आधी दिसावे म्हणून कड्याच्या टोकावर बांधलेली. नंतर तिच्यावर वाढवत वाढवत छत्र्या चढल्या. चढ सावकाश, थांबत थांबत चढावा. माथ्यावरून विंध्य एकदम शेकडो मीटर खाली कोसळतो, खाली निमाडची शेते पसरतात आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर नर्मदेची रुपेरी रेघ दिसते. हिवाळ्यात सकाळी निमाडावर धूसर थर असतो, म्हणून मी हा टप्पा साडेतीन-चारला ठेवते. येथे अर्धा तास कोणीही काही न सांगता बसू द्यावे, गाइडलाही तसे सांगून ठेवावे.

अकबराच्या काळात १५७४ मध्ये शाह बुदाग खानाने बांधलेला आणि आज महादेवाचे स्थान असलेला नीळकंठ, त्याच्या अंगणातली नागमोडी पाण्याची वाहिनी आणि खालच्या दरीचे दृश्य मला अतिशय प्रिय आहे. परंतु साठेक पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात. मंडळी तरुण असतील तर गावाकडे परतताना तेथे जावे. बरोबर ज्येष्ठ असतील तर तो पुढच्या खेपेसाठी ठेवावा.

जेवण आणि बरोबरच्यांची काळजी

गडावर गेल्यावर दाल-पानिये खावेत. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात आणि तूप घालून डाळीबरोबर वाढतात. ते ताजे भाजायला वेळ लागतो, म्हणून सकाळी संकुलात शिरण्यापूर्वीच ढाब्यावर माणसांची संख्या सांगून ठेवावी. ज्यांचे पथ्य आहे त्यांच्यासाठी घरच्या दशम्या आणि दही बरोबर असावे. पाणी माणशी दोन लिटर घ्यावे. माकडे हातातली पिशवी ओढतात, त्यामुळे खाणे उघड्यावर काढू नये.

गच्च्यांच्या कडांना सगळीकडे कठडे नाहीत. मुलांचा हात सोडू नये, आणि पावसाळ्यात तर शेवाळलेल्या दगडावर चपला मुळीच चालत नाहीत, पकड असलेले बूट हवेत. स्वच्छतागृह प्रत्येक ठिकाणी मिळेलच असे धरून चालू नये. गावातले जेवणाचे ठिकाण निवडताना तेथली सोय आधी पाहून घ्यावी, विशेषतः आजी-काकू बरोबर असतील तेव्हा. मोबाइलचे जाळे दरीच्या कडेला सुटते, म्हणून रोख पैसे आणि गाइड, चालक व मंडळातल्या दोघांचे नंबर कागदावर लिहून ठेवावेत. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. घरातल्या तरुणांना हे इंदुरातच सांगावे.

परतताना

रूपमतीवरून सूर्यास्त पाहावा असे सगळ्यांना वाटते. पण वास्तू सूर्यास्ताला बंद होतात, त्याच वेळी सगळ्या गाड्या एकदम निघतात आणि धुक्यात त्या अरुंद दरवाज्यांतून अंधारात उतरणे मला कधीच सुरक्षित वाटले नाही. साडेपाचला गावातून निघावे. निघण्यापूर्वी माणसे मोजावीत, गाइडला ठरलेली रक्कम सर्वांसमोर द्यावी आणि त्याने विशेष कष्ट घेतले असतील तर वर काही द्यावे. त्याचा नंबर, कोणत्या विषयात त्याला रस होता आणि कोणती वाट त्याने दाखवली, हे गाडीतच वहीत टिपून ठेवावे. पुढच्या वेळी दुसरे पाहुणे येतात आणि पहिला फोन त्यालाच लागतो. धारला चहा घ्यावा. इंदुरात शिरताना चालकाला उतरण्याचा क्रम आधी सांगावा, पश्चिमेकडची घरे पहिली, म्हणजे आठ-साडेआठपर्यंत सगळे आपापल्या दारी पोहोचतात.